रोलरने मांडी मोकळी होते, मग पाय वेगवान होतो का?

पावसाळ्यात शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की आखडलेल्या मांड्या आणि पोटऱ्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बरीच पत्रं फोम रोलर, म्हणजे मायोफॅशियल रिलीजबद्दल आहेत. निवडक प्रश्न आणि आमच्या फिजिओथेरपी व क्रीडा मार्गदर्शकांची उत्तरं पुढे देत आहोत.

आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. मोठ्या क्लबांचे खेळाडू सामन्याआधी फोमच्या नळकांड्यावर पाय घासतात, ते पोरं मोबाइलवर पाहतात आणि आम्हालाही आणून द्या म्हणतात. याने वेग आणि उडी खरंच वाढते का?
— क्रीडाशिक्षक, धानोरा, जि. गडचिरोली

सर, वेग आणि उडीसाठी रोलरवर विसंबू नका. कोंबडी साफ करताना मांसावर जो पांढरा, चिवट पापुद्रा दिसतो तो फॅशिया. आपल्या प्रत्येक स्नायूभोवती तसंच वेष्टण असतं. रोलरने ते चिकटलेलं वेष्टण सुटतं, असा समज आहे आणि मायोफॅशियल रिलीज हे नावही त्यातूनच आलं. पण 2008 साली शास्त्रज्ञांनी गणिती प्रारूप मांडून पाहिलं, तेव्हा मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा जाड फॅशिया 1 टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हातून लागू शकेल त्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागेल, असं उत्तर निघालं. म्हणजे रोलरखाली तो पापुद्रा सुटत किंवा ताणला जात नाही.

तरीही पाय मोकळा वाटतो, आणि तो भास नाही. दाबामुळे त्या भागातली दुखण्याची जाणीव थोडा वेळ मंदावते आणि मेंदू स्नायूला आणखी ताणू देतो. एका पायावर रोलर फिरवला की न फिरवलेल्या पायाची लवचिकताही थोडी वाढते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. बदल फक्त त्या जागच्या पापुद्र्यात होत असता तर दुसऱ्या पायाला फरक पडला नसता.

आता आकडे. 21 अभ्यास एकत्र करून 2019 मध्ये काढलेल्या निष्कर्षांत, आधी रोलर फिरवल्याने लवचिकता सरासरी 4 टक्के आणि धावण्याचा वेग 0.7 टक्के वाढलेला दिसला. उडी आणि ताकद यांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. 30 मीटर साडेचार सेकंदांत धावणाऱ्या मुलासाठी 0.7 टक्के म्हणजे 0.03 सेकंद. हाताने स्टॉपवॉच दाबताना याहून मोठी चूक होते.

मग उपयोग कुठे? घोटा किंवा खुबा पुरेसा वळत नसेल तिथे. शाळेत यासाठी सोपी चाचणी करता येते. अनवाणी पाय भिंतीसमोर ठेवायचा, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा भिंतीला लावायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती दूर नेता येतो ते पट्टीने मोजायचं. दोन्ही पायांत 2 सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर कमी वळणाऱ्या पायाच्या पोटरीवर मिनिटभर रोलर फिरवा आणि पुन्हा मोजा. अंतर वाढलं तर त्या मुलाला उपयोग आहे. काहीच बदललं नाही तर बहुधा अडचण सांध्यातली आहे, जुनी लचक असू शकते. तिथे रोलरमध्ये वेळ घालवू नका. सगळ्या संघाला सरसकट रोलर फिरवायला लावण्यापेक्षा अशी मोजणी करून निवडक मुलांना देणं कितीतरी बरं.

सामन्याआधी किती वेळ फिरवायचं आणि नंतर किती? आमच्याकडे 18 खेळाडू आणि 4 रोलर आहेत.
— संघ व्यवस्थापक, पुसद, जि. यवतमाळ

आधी: एका स्नायूगटाला 30 ते 60 सेकंद. एक फेरी, म्हणजे वरून खाली, साधारण 2 ते 4 सेकंदांची. दुखणं 10 पैकी 5-6 च्या वर जाऊ द्यायचं नाही. श्वास रोखला जातोय, दात आवळले जातायत, असं दिसलं तर दाब जास्त आहे. तेव्हा स्नायू सैल होण्याऐवजी आखडतो. पोटरीसाठी दुसरा पाय वर न ठेवता जमिनीवर टेका, दाब कमी होतो. मांडीच्या पुढच्या भागासाठी पालथं पडून कोपरांवर भार घ्यायचा. मांडीच्या आतल्या बाजूसाठी पाय बाहेर वळवून रोलर अंगाला समांतर ठेवायचा. बैठकीच्या स्नायूंसाठी रोलरवर बसून एका बाजूला कलायचं.

रोलर कुठे नको ते पोरांना पाठ असू द्या: गुडघ्याची वाटी, गुडघ्यामागची खोबण (तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते), जांघेची घडी, कमरेचा कणा आणि जिथे हाड थेट कातडीखाली आहे ती जागा.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. मोकळेपणा साधारण 10 ते 20 मिनिटं टिकतो, फार तर अर्धा तास. 18 जण 4 रोलरवर पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या करणार तर 25 मिनिटं जातात. पहिल्या तुकडीचा फायदा शेवटची तुकडी उठेपर्यंत ओसरतो, वर अंगही थंड पडतं. म्हणून सामन्याच्या दिवशी ज्यांना चाचणीत फरक दिसला त्यांनाच, दोनच जागी, एकेक मिनिट द्या आणि लगेच धावायला लावा. रोलरनंतर बसून राहिलेला खेळाडू काहीच कमावत नाही.

वॉर्म-अपसाठी फिफाचा '11+' कार्यक्रम वापरा. 2006 मध्ये तयार झालेल्या या कार्यक्रमात तीन भाग, 15 व्यायाम आणि सुमारे 20 मिनिटं लागतात. भाग 1 व 3 धावण्याचे, भाग 2 ताकद, तोल आणि उड्यांचा. सरावाला तिन्ही भाग, आठवड्यातून किमान दोनदा. सामन्याआधी फक्त 1 आणि 3. नॉर्वेतल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर केलेल्या मोठ्या चाचणीत (2008) या कार्यक्रमाने एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्या. रोलरच्या बाजूने असा पुरावा नाही.

सामन्यानंतर वेळेची घाई नसते. एका स्नायूगटाला 90 सेकंद ते 2 मिनिटं द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची अंगदुखी थोडी सौम्य वाटते. वर सांगितलेल्या 21 अभ्यासांच्या आढाव्यात ही घट सरासरी 6 टक्के होती. झोप आणि जेवण यांची जागा रोलर घेत नाही.

रोलर परवडत नाही. गावात काय वापरता येईल?
— प्रशिक्षक, आर्वी, जि. वर्धा

शेताच्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा सगळ्यात चांगला. 110 मिलिमीटर व्यासाचा, दीड फूट लांब, 6 केजीचा घ्या (हे पाइपचं वजन नाही, तो किती दाब सोसतो त्याची प्रत). अडीच केजीचा पातळ पाइप अंगाच्या वजनाने लवतो आणि तडकल्यावर त्याच्या कडा कापतात. करवतीने कापलेली दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने घासून गोल करा. त्यावर जुन्या योगा मॅटचे दोन वेढे द्या आणि पंक्चरवाल्याकडच्या रबर सोल्युशनने चिकटवा. मॅट नसेल तर सायकलची ट्यूब उभी चिरून पट्टी गुंडाळा. नुसता उघडा पाइप वापरू नका. तो फार कडक असतो, नवख्याच्या मांडीवर निळे डाग पडतात आणि घाम आला की घसरतो.

पाइप उन्हात टाकून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो आणि एप्रिल-मेमध्ये तर हात लावायची सोय राहत नाही. दुकानातला फोमचा रोलर घेतला तरी तोही सावलीतच ठेवा, नाहीतर तो एका बाजूने चपटा होतो.

पोटरीसाठी घरचं लाटणं पुरतं: बसून, गुडघा वाकवून, दोन्ही हातांनी. बैठकीच्या स्नायूंसाठी टेनिस बॉल. क्रिकेटचा सीझन बॉल मात्र नको, नितंबाच्या खोल भागातून जाणाऱ्या मोठ्या नसेवर तो रुतला तर पायात मुंग्या येतात. तळपायासाठी अर्धा लिटरची पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गार करून पायाखाली फिरवा.

एक गोष्ट पाइपपेक्षा महत्त्वाची वाटते म्हणून इथेच सांगतो. काळ्या जमिनीवरचं मैदान उन्हाळ्यात दगडासारखं होतं आणि भेगा पडतात, पावसात पायाला चिकटतं. पोटऱ्या आणि जांघा आखडण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सरावाआधी भेगा मातीने बुजवणं आणि ओल्या काळ्या मातीवर वेगात वळण्याचे सराव टाळणं, यावर आधी वेळ घाला.

मी स्ट्रायकर आहे. दोन हंगामांत उजव्या मांडीचा मागचा स्नायू तीनदा ताणला. आता रोज 20 मिनिटं रोलर फिरवतो, तरी वेगात धावलं की ओढल्यासारखं होतं.
— खेळाडू, काटोल, जि. नागपूर

तुमच्या मांडीला मोकळेपणा नको, ताकद हवी आहे. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा हा मागचा स्नायू, बहुतेक वेळा पूर्ण वेगात, पाय पुढे टाकून टेकण्याच्या आधीच्या क्षणी फाटतो. तेव्हा तो लांब होत असतानाच पायाला आवरून धरत असतो. हे काम करायची ताकद कमी असेल तर मेंदू त्याला आखडून ठेवतो. रोलरने ती आखड अर्धा तास जाते आणि परत येते, कारण तिचं कारण जागच्या जागी असतं.

यासाठी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम करा. सतरंजीवर गुडघे टेकून उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकायचं. आवरणं सुटलं की हातांवर पडायचं आणि हातांनीच ढकलून वर यायचं. कमरेत वाकलात तर भार हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो. ही चूक जवळपास प्रत्येकाची होते, म्हणून बाजूने कोणीतरी पाहायला हवं.

डेन्मार्कमधल्या 942 फुटबॉलपटूंच्या चाचणीत (2011) वापरलेला क्रम असा. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5 चे 2 संच. दुसऱ्यात दोनदा, 6 चे 2 संच. तिसऱ्यात तीनदा, 6 ते 8 चे 3 संच. चौथ्यात तीनदा, 8 ते 10 चे 3 संच. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीनदा, 12, 10 आणि 8 चा एकेक संच. पुढे हंगामभर आठवड्यातून एकदा. आधी दुखापत झालेल्यांनाच याचा सर्वांत जास्त फायदा दिसला. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्या होतात.

पहिले दोन आठवडे मांड्या ठणकतील. बहुतेक पोरं इथेच सोडतात, कारण सुरुवातीलाच 10 चे 3 संच मारतात. रोलर हवा असेल तर या ठणक्यासाठी वापरा, 2 मिनिटं पुरे. सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक नको. आणि ओढलेपणा आत्ताही जाणवतोय, तर सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टला मांडी दाखवा. अर्धवट भरलेल्या स्नायूवर हा भार चालत नाही.

माह्या पोराले आठ दिवसांपयले मॅचमधी समोरच्याचा गुडघा मांडीवर बसला. गावातल्या मालिशवाल्यानं तीन दिवस तेल लावून रगडलं. आता मांडीत टणक गोळा झाला, गुडघा पूर्न वाकत नाई. अजून रगडाव का रोलर फिरवाव?
— पालक, दारव्हा, जि. यवतमाळ

दादा, दोन्ही आजच बंद करा. तेल, शेक, मालिश, रोलर, गुडघा जबरदस्तीने वाकवणं, काहीही नको. मांडीला मुका मार लागला की स्नायूच्या आत रक्त साचतं. ते रगडल्याने पुन्हा रक्तस्राव होतो आणि काही मुलांमध्ये त्या गाठीत हाड तयार व्हायला लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. गोळा टणक होणं आणि गुडघा वाकणं कमी होत जाणं, ही त्याची लक्षणं. उपजिल्हा रुग्णालयात किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवा. एक्स-रेमध्ये ते साधारण तीन-चार आठवड्यांनी स्पष्ट दिसतं, म्हणून आजचा एक्स-रे साफ आला तरी दाखवणं थांबवू नका. बहुतेक वेळा विश्रांती आणि सावकाश हालचालींनी हे बरं होतं, काही महिने मात्र लागतात.

गोळा वाढत असेल, रात्री दुखून झोपमोड होत असेल किंवा मुलाचं वजन उतरत असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा.

बाकीच्या पालकांसाठी: मुका मार लागल्यावर पहिल्या काही मिनिटांतच गुडघा दुखणार नाही इतका वाकवून ठेवा आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं लावा, दर दोन-तीन तासांनी. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं नाही. मांडी फुगत जाऊन दगडासारखी झाली, दुखणं वाढतच गेलं, पाय बधिर झाला, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. स्नायूच्या बंद कप्प्यात दाब वाढला की काही तासांत कायमचं नुकसान होतं.

मी अकरावीत आहे, विंगला खेळते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. मांडीच्या बाहेर रोलर फिरवते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं आणि डाग पडतात. सहन करत राहू का?
— खेळाडू, वरोरा, जि. चंद्रपूर

सहन करू नकोस. तिथे आयटी बँड नावाचा जाड पट्टा आहे आणि तो रोलरने लांब होत नाही. तू त्याला खालच्या स्नायूवर आणि हाडावर चेपते आहेस, म्हणून एवढं दुखतं. रोलर वर, खुब्याच्या हाडाच्या पुढे जिथे हात खिशात जातो तिथे आणि बैठकीच्या बाजूला, 45 सेकंद फिरव. पट्टा त्याच स्नायूंना जोडलेला आहे. त्याबरोबर एका कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम 12 चे 3 संच, एक दिवसाआड. दोन आठवडे लांब धावणं कमी कर. गुडघा सुजला, अडकला किंवा सटकल्यासारखा वाटला तर हे वेगळं दुखणं आहे, डॉक्टरांना दाखव.

मुलगा सिकलसेलचा वाहक आहे. धावल्यावर पाय गळतात, दुखतात. सर म्हणतात, रोलर फिरव, गोळे जातील.
— एक आई, आरमोरी, जि. गडचिरोली

ताई, तुमचा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावा असा आहे. वाहक मुलं, म्हणजे ज्यांच्यात हा आनुवंशिक रक्तदोष आला आहे पण प्रत्यक्ष आजार नाही अशी, फुटबॉल खेळू शकतात. पण उष्णतेत, पाणी कमी पडल्यावर, विश्रांतीशिवाय लागोपाठ जोरात धावल्यावर वाहकाच्याही रक्तपेशी वाकड्या होऊन (यालाच सिकलिंग म्हणतात) स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उन्हामुळे येणारा गोळा दगडासारखा टणक लागतो आणि पोरगं कळवळून ओरडतं. सिकलिंगमध्ये पाय गळून जातात, दुखतात, पण हाताला स्नायू मऊच लागतो. हे सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतही होऊ शकतं. अशा वेळी रोलर नको. धावणं थांबवा, सावलीत न्या, अंग थंड करा, पाणी द्या. थोड्या वेळात बरं वाटलं नाही, चक्कर आली, लघवी गडद झाली तर थेट रुग्णालयात न्या आणि तो वाहक आहे हे दारातच सांगा.

सरांना सांगा: सुट्टीनंतर दोन-तीन आठवडे मेहनत हळूहळू वाढवायची, सलग शटल धावा (दोन खुणांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करत धावणं) नाहीत, प्रत्येक धावेनंतर पुरेशी विश्रांती, ताप किंवा जुलाब असताना सराव नाही, आणि 'पाय गळाले' म्हटलं की ते नाटक समजायचं नाही. पाय वारंवार गळत असतील तर आधी डॉक्टरांची तपासणी, मग मैदान. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे त्यांनी किती खेळायचं हे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्या हातापायांतल्या कळांवर मालिश किंवा रोलर करत घरी वेळ काढू नये. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. नवीन संघ बांधताना सगळ्या मुलांची ती करून घ्या.

गावच्या स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने असतात, मध्ये दोन तास. तेव्हा काय करायचं?
— कर्णधार, साकोली, जि. भंडारा

पहिला अर्धा तास सावली, पाणी आणि खाणं: केळी, गूळ-मुरमुरे, थोडा वरणभात. भरपेट नाही. खूप घाम गेला असेल तर 1 लिटरचं ओआरएस पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत नाही. मग पाय वर टेकवून पडा. दुसऱ्या सामन्याच्या 25 मिनिटं आधी उठा, पोटरी आणि मांडीवर मिनिट-मिनिट रोलर, मग 10-12 मिनिटं वॉर्म-अप. गोळा आलेल्या पोटरीवर रोलर दाबू नका. पायाचा पंजा हळूच आपल्याकडे ओढून धरा, गोळा सुटला की खेळाडूला चालवा.

13 वर्षांच्या मुलाला गुडघ्याखाली पुढे हाड वर आल्यासारखं दिसतं, लाथ मारताना दुखतं. रोलर चालेल?
— पालक, मूर्तिजापूर, जि. अकोला

वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध हाडाला ओढतो, त्याने तिथे टेंगूळ येतं. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. टेंगळावर रोलर अजिबात नको. मांडीच्या पुढच्या भागावर हलक्या दाबाने मिनिटभर चालेल. खरा उपाय म्हणजे उड्या आणि जोरदार किक यांची संख्या कमी करणं. दुखणं 10 पैकी 3 च्या खाली राहून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल, तेवढं खेळू द्या.